झुबकीचं द्राक्ष सरबतात पडलं

द्राक्षांच्या मांडवाखाली दुपार पेंगत होती. हिरवी हिरवी सावली. गार गार माती. तिथे राहायची एक खार. खार एवढीश्शी, आणि शेपटी एवढ्ढी मोठी! म्हणून तिचं नाव झुबकी.

झुबकीकडे एक काळं द्राक्ष होतं. एकच. मांडवावरचं अगदी शेवटचं. बाकीची द्राक्षं टोपल्यांत बसून केव्हाच गावाला गेली, एक टोपली तेवढी घरी राहिली. पण गोदाकाकू दरवर्षी एक द्राक्ष ठेवते. "हे आमच्या झुबकीचं हं," म्हणते.

आज काकूकडे संध्याकाळी पाहुणे येणार होते. खूप खूप पाहुणे. काकूने द्राक्षांचा रस काढला. लिंबू पिळलं. साखर घातली. रस डब्यात ओतला. डबा लाकडी बादलीत ठेवला. भोवती बर्फ, बर्फावर मीठ. आता दांडा फिरवायचा, की झालं जांभळं जांभळं बर्फाचं सरबत!

झुबकीला गोड वास आला. द्राक्ष हातात धरून ती डब्यावर वाकली. वाकू नये ना असं? पण वाकली! द्राक्ष सुटलं. डुबुक! गेलं की रसात. काकूने पाहिलंच नाही. तिने लावलं झाकण. खटक!

"अगं आई गं! माझं द्राक्ष!" झुबकीला रडूच आलं. पाहुणे येणार, सगळं सरबत खाणार. तिचं एकुलतं एक द्राक्षही खाणार.

झुबकी गेली झाकणाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"झाकणा, झाकणा, निघ ना! माझं द्राक्ष मला मिळेना!"

झाकण म्हणालं, "मी नाही निघणार जा! आधी सरबत गोठू दे. दांडा फिरला तर निघेन."

झुबकी गेली दांड्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दांड्या, दांड्या, फिर ना! झाकण निघेना, माझं द्राक्ष मला मिळेना!"

दांडा म्हणाला, "मी नाही फिरणार जा! आपला आपण फिरतो का कधी दांडा? काकू उठली तर फिरेन."

काकू कुठे होती? काकू खाटेवर आडवी झाली होती. डोळे मिटलेले. झुबकी गेली काकूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकू, काकू, ऊठ ना! दांडा फिरेना, झाकण निघेना, माझं द्राक्ष मला मिळेना!"

काकू झोपेतच म्हणाली, "मी नाही उठणार बाई! दांडा करतो घरघर घरघर. माझं बाळ दचकून रडेल. बाळ हसत जागं झालं तर उठेन."

बाळ झोळीत झोपलं होतं. मुठी मिटून. झुबकी गेली बाळाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाळा, बाळा, हस ना! काकू उठेना, दांडा फिरेना, झाकण निघेना, माझं द्राक्ष मला मिळेना!"

बाळ स्वप्नातच म्हणालं, "मी नाही हछनाल! पानाने गुदगुली केली तल हछेन."

झोळीवर लोंबत होतं वेलीचं एक पान. झुबकी गेली पानाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाना, पाना, हल ना! बाळ हसेना, काकू उठेना, दांडा फिरेना, झाकण निघेना, माझं द्राक्ष मला मिळेना!"

पान म्हणालं, "मी नाही हलणार जा! मला ऊन लागलंय. वारा आला तर हलेन."

आता वारा कुठे शोधायचा? वारा बसला होता विहिरीत, पाण्यात पाय सोडून. झुबकी गेली विहिरीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. दमली बिचारी!

"वाऱ्या, वाऱ्या, ये ना! पान हलेना, बाळ हसेना, काकू उठेना, दांडा फिरेना, झाकण निघेना, माझं द्राक्ष मला मिळेना!"

वाऱ्याने दिली मोठ्ठी जांभई. आऽऽऽ! "मी नाही येणार जा! मला एकट्याला कंटाळा येतो. आधी कुणीतरी एवढीशी झुळूक काढली, तर येईन तिच्या मागे."

झुळूक? झुबकी कुठून आणणार झुळूक? तिने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग पाहिलं मागे. मागे काय होतं?

शेपटी!

झुबकीने शेपटी उचलली. हळूच हलवली. झुबुक झुबुक, झुबुक झुबुक. आणि निघाली की एक झुळूक! एवढीश्शी, मऊ मऊ.

"आलो गं, आलो!" म्हणाला वारा.

सुळ्ळकन वारा आला. सळसळ पान हललं. पानाने केली गुदगुली. खुदुखुदु बाळ हसलं. "उठलं का माझं सोनं!" म्हणत काकू उठली. घरघर घरघर दांडा फिरला. फिरला, फिरला, खूप फिरला. सरबत गोठलं, जांभळं जांभळं. खटक! झाकण निघालं.

आणि आत काय?

"अगंबाई! हे तर आमच्या झुबकीचं द्राक्ष!" काकू हसली. "हे मी दुसऱ्या कुणाला कशी देईन गं?"

काकूने एक पान घेतलं. पानावर ठेवलं द्राक्ष. शेजारी चमचाभर सरबत. पाहुण्यांच्या आधी, बाळाच्याही आधी, पहिलं पान झुबकीला!

झुबकीने द्राक्षाला दात लावला. ईऽऽ! गारेगार! दगडासारखं टणक! मग तिने काय केलं? वेलीवर चढून द्राक्ष घेतलं कुशीत. अंगावर ओढली शेपटी. वारा हळूहळू झोका देत राहिला. द्राक्ष हळूहळू मऊ झालं. झुबकीने डोळे मिटले आणि मटकन खाल्लं.

द्राक्ष गेलं पोटात, गोष्ट राहिली ओठांत.