दिग्दर्शकाचा अंगठा

दिग्दर्शक उमाकांत रेगे यांची 'शुक्रावरची वसाहत' ही विज्ञानमालिका सुरुवातीला गाजली. पुढे तिच्यात पाणी घालणं सुरू झालं आणि समीक्षक शालन खांबेटे यांनी तसं स्पष्ट लिहिलं. प्रेक्षक मंडळाच्या सभेत रेग्यांनी त्यांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "तुम्हाला विज्ञान कळत नाही. माफी मागा."

"मागते," शालनताई म्हणाल्या. "आधी परवाचा भाग आपण सगळे इथे बसून पूर्ण पाहू. रिमोट तुमच्याकडेच ठेवा."

भाग सुरू झाला. यानाला भोक पडून हवा निसटू लागली. कप्तानाच्या सासूबाईंचा चेहरा समोरून दिसला, मग डावीकडून, मग उजवीकडून, आणि दर वेळी ढग गडगडले. मग तसाच कप्तानाचा चेहरा. हवा निसटतच होती.

अचानक पडद्यावरची चित्रं भराभर पळू लागली. सगळ्या माना रेग्यांकडे वळल्या. त्यांचा अंगठा रिमोटवर होता. तो त्यांनी चटकन उचलला, पण तोवर कान लाल झाले होते.

"जेवढं पळवलंत तेवढं पुन्हा लावा," शालनताई शांतपणे म्हणाल्या. "ते बघून होऊ दे, मग मी माफी मागते."

रेग्यांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि सभा संपेपर्यंत मान वर केली नाही.