रोझा टीचरची पेटी

“टीचरनी द्वारकाचीच पेटी का पसंत केली, बाबा? माझी का नाही?”

लखूबाबा बांबू सोलत होते. सुरी थांबली नाही.

“द्वारकाने त्यांना विचारलं, कोणत्या कुशीवर झोपता?”

“आणि मी?”

“तू उंची मोजलीस.”

रेजिना पुन्हा बांबू सोलू लागली.

तिला वाटले होते, वसईला परतल्यावर आपण शिकवू. परदेशात तीन वर्षे ती विलो झाडाच्या लवचीक फांद्यांच्या शवपेट्या विणायला शिकली होती. पॉलिश नको, पितळी स्क्रू नकोत, माणूस आणि पेटी दोन्ही मातीत विरून जावीत, हा तिचा ध्यास. चर्चच्या फादरना तिनेच पटवले. इथे विलो नाही, म्हणून ती या म्हाताऱ्या बुरुडाकडे आली. महिनाभरात बांबू शिकू, मग यांनाच चार गोष्टी दाखवू.

प्रत्यक्षात सहा महिने ती बांबू सोलून नुसत्या कामट्याच काढत होती; पेटी विणायला मिळाली ती त्यानंतर. आणि बाबांची सून द्वारका, जिने जन्मभर सुपे-टोपल्या विणल्या, तिची पेटी अशी दिसे, जणू कुणीतरी आत्ताच अंथरूण घातले आहे.

रेजिनाने पहिले अक्षर रोझा टीचरच्या हाताखाली गिरवले होते. आजारपणात टीचरनी दोघींच्या पेट्या पाहिल्या आणि द्वारकाच्या पेटीवर हात ठेवला. आज पहाटे त्या गेल्या. उद्या संध्याकाळी दफन.

दुपारी सगळे जेवायला गेले. रेजिना गेली नाही.

उन्हे कलल्यावर पेटी अंगणात आली. या घरची रीत होती. विणणाऱ्याने आधी स्वतः आत झोपायचे, चौघांनी उचलायचे, मगच पेटी बाहेर जायची. द्वारकाने पदर खोचला.

“थांब,” बाबा म्हणाले. “आज मी.”

“अहो मामंजी, आत शिरलात तर बाहेर यावंसं वाटायचं नाही!”

बाबा हसले आणि आडवे झाले. त्यांच्या दोन मुलांनी डोक्याकडच्या मुठी धरल्या, द्वारका आणि रेजिनाने पायाकडच्या.

“उचला.”

“थांबा!” रेजिनाचा हात सुटला होता. “तळ… तळ तुटेल.”

“माझा तळ?” द्वारका उसळली. “या घरात आल्यापासून अठरा वर्षांत माझी एक टोपली कुणी परत आणली नाही!”

“द्वारका, चहा टाक.”

ती तणतणत घरात गेली. मुलगेही गेले. बाबा तसेच पडून राहिले.

“किती कामट्या कापल्यास?”

“पाच.”

“कशाने?”

“तुम्ही दिलेल्या सुरीने.”

“तळ आत्ता टिकला असता, तर उद्या भर रस्त्यात टीचर खाली पडल्या असत्या.”

“टीचर दिसल्याच नाहीत मला, बाबा. फक्त द्वारका दिसत होती.”

बाबांनी डोळे मिटले.

“जरा पडू दे. थंड आहे इथे.”

मग ते उठले, पेटीवर गोणपाट टाकले आणि कुणाला हात लावू दिला नाही. “माझं काय चुकलं, तेवढं तरी सांगा,” द्वारका दोनदा म्हणाली. बाबा बांबू सोलत राहिले. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेजिनाने ठरवले. तिने स्वतःची पेटी उसवली, त्यातल्या सगळ्यात चांगल्या कामट्या द्वारकासमोर ठेवल्या आणि गोणपाट काढले.

“तळ मी कापला. या घे… तू विण.”

द्वारका कापलेल्या टोकांवरून बोट फिरवत राहिली.

“अगं मेले, जेवायला हाक मारली तेव्हा पोट दुखतंय म्हणालीस!”

“हो.”

“आणि मी तुझ्यासाठी ओवा शोधत बसले.”

रेजिनाने कामट्या पुढे सरकवल्या. द्वारकाने एक कामटी उचलली, वाकवून पाहिली आणि तिच्या अंगावर टाकली.

“जाड आहे. सोल.”

रेजिना सोलत गेली, द्वारका विणत गेली. दुपार कलली. तळ पुरा झाला तेव्हा रेजिना उठली आणि सुरी बाबांच्या पायाशी ठेवली.

“मी जाते, बाबा.”

“कुठे? टीचरना न्यायचंय. पायाकडची मूठ तू धर.”

“मी?…”

“हो. आणि चालताना तळाकडे बघू नकोस.”