मधली वाटी

"कुत्री सुखात आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता बाबा? शेपूट हलते म्हणून?"

डॉ. आडारकर उभ्यानेच विचारत होते. कुत्र्यांचा आनंद मोजण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती, आणि टेकडी चढून आल्यापासून हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

भैरोबाच्या देवळातले म्हातारे धुंडनाथ भाकरी कुस्करत होते. शेजारी तीन पायांची गेंदी बसली होती.

"शेपूट भीतीनेही हलते," डॉक्टर म्हणाले. "परीक्षा घ्यावी लागते."

"मग घे की."

डॉक्टरांचा हात खिशाकडे गेला, तसाच मागे आला. मघापासून हेच चाललं होतं.

"खिशात विंचू आहे का रे?"

"मुलीचं पत्र आहे. आठ दिवस झाले येऊन."

"काय म्हणते?"

"फोडलं नाही." डॉक्टर ओसरीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. "तिच्या लग्नाला मी गेलो नव्हतो. चार वर्षं बोलणं नाही. आता एकदम पत्र... आत काय असेल? झोप उडालीय माझी."

धुंडनाथांनी भाकरी तेवढी पुढे केली.

डॉक्टर कामाला लागले. दोन वाट्यांना बाहेरून सारखीच भाकरी चोळली, म्हणजे वासावरून काही कळू नये. अंगणात उजवीकडे ठेवलेल्या वाटीत दर वेळी तुकडा, डावीकडच्या वाटीत कधीच नाही. वीस खेपांत गेंदी शहाणी झाली. उजवीकडे वाटी ठेवली की धावे. डावीकडे ठेवली की जांभई देई.

"आता खरी परीक्षा," डॉक्टर म्हणाले. "ही रिकामी वाटी बरोबर मध्ये ठेवतो. आत काही आहे की नाही, तिला ठाऊक नाही. खचलेलं कुत्रं जागचं हलत नाही. सुखी असेल तेच धावतं. ही काही उठायची नाही बाबा. पाय मोडल्यावर हिला कुणी तरी इथे टाकून गेलं, तुम्हीच म्हणालात."

वाटी मध्ये ठेवली.

गेंदी धावली. वाटेत एकदा कोलमडली, सावरली, वाटीत तोंड घातलं. वाटी चाटली, आणि परत येऊन धुंडनाथांना टेकून बसली.

डॉक्टरांनी पुन्हा ठेवली. ती पुन्हा धावली.

तिसऱ्यांदाही.

"रिकामी आहे ना ती!" डॉक्टर जवळजवळ ओरडले.

"मग? तिचं काय अडलं?"

"सुखी आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. वहीत मात्र काही लिहिलं नाही. हात पुन्हा खिशावर गेला होता.

धुंडनाथांनी तळवा पुढे केला. "दे."

डॉक्टर घुटमळले. मग त्यांनी पत्राचं पाकीट दिलं.

म्हातारा काठी टेकत अंगणात गेला. पाकीट मधल्या वाटीत उभं केलं. परत येऊन गेंदीशेजारी बसला.

अंगणात कुणी हललं नाही. वाऱ्याने पाकिटाचा कोपरा फडफडत होता. डॉक्टर एक पाऊल पुढे गेले, थांबले.

"बाबा, आत काहीच नसेल तर...?"

धुंडनाथ कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"गेंदी तीन पायांवर गेली, डॉक्टर."