दोन लाखांचा सूर

गाण्याच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या कुमुदताई पेडणेकर स्पीकर घ्यायला निघाल्या होत्या. सकाळपासूनचं हे चौथं दुकान. गुडघे बोलत होते, कान शिणले होते. पण गेलेल्या धाकट्या बहिणीची भैरवी त्यांना घरी नीट ऐकायची होती. तिची सीडी त्यांनी सोबतच आणली होती.

दुकानदार रणदिवे म्हणाले, "बाई, हे दोन लाखांचे घ्या. त्या चाळीस हजारांच्या जोडीत जीव नाही. अर्थात, फरक कळायला तयार कान लागतो!"

ती सीडी घालून त्यांनी महागडी जोडी मोठ्याने लावली आणि स्वस्तातली हळू. कुमुदताईंनी उसासा टाकून दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला.

"आता डोळे मिटा आणि तुम्हीच ओळखा," असं रणदिव्यांना म्हणून त्यांनी बटण दाबलं.

रणदिव्यांची मान डोलू लागली. "वा! दोन लाख बोलतायत!"

डोळे उघडून पाहतात, तर चाळीस हजारांची जोडी चालू होती.

"हीच बांधून द्या," कुमुदताई म्हणाल्या. "तुमच्या तयार कानाला जे कळलं नाही, ते माझ्या थकल्या कानाला कुठून कळणार?"

रणदिवे खोकं आणायला गेले. कुमुदताई मात्र भैरवी संपेपर्यंत खुर्चीतून उठल्या नाहीत.