पाखऱ्याच्या गळ्यातली कण्हेर

एकदा काय झालं, एका गावात म्हाळू नावाचा एक उतावळा पोरगा राहत होता. उतावळा म्हणजे किती? वहाणा घालायच्या आधीच दाराबाहेर पडायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचा. त्याला एक थोरली बहीण होती, ठकू आक्का. ती उन्हाळ्यात तापानं देवाघरी गेली. मागे राहिला म्हाळू, आणि आक्कानं वाटीनं दूध पाजून वाढवलेला बैल, पाखऱ्या. म्हाळूला आपलं म्हणावं असं तेवढंच एक माणूस उरलं होतं. बैल असला म्हणून काय झालं?

त्या काळी झाडंझुडपं बोलायची, बरं का. पण भारी मानी. आपण होऊन बोलायची नाहीत, कुणी विचारलं तरच. आक्का विळा लावायच्या आधी विचारायची, बाई, माझ्या बैलाला चालशील का? मग झाड खरं काय ते सांगायचं. म्हाळूला एवढा दम कुठला? विचारणं हे आक्काचं काम, ते तिच्याबरोबर गेलं, असं तो म्हणायचा.

मग एक दिवस त्यानं बांधावरची घाणेरी कापून आणली. पाखऱ्यानं हुंगली, फुर्र केलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी म्हाळूनं धोतरा आणला, बारीक चिरून कडब्यात मिसळला. पाखऱ्यानं पाटीखाली शिंग घातलं आणि ती पाटी म्हाळूच्या डोक्यावर उपडी केली. म्हाळू दिवसभर त्याच्याशी बोलला नाही. बैलही कमी नव्हता. तोही बोलला नाही.

मग आला पोळा. म्हाळूकडे एकच बैल, म्हणून शेजारच्या गेनूनानाच्या हौशाबरोबर त्याची जोडी लागायची. म्हाळूनं दोघांना धुतलं, शिंगं रंगवली. राहिल्या माळा. झेंडूला अजून कळीसुद्धा नव्हती. देवळामागे कण्हेर मात्र लालभडक फुलली होती. म्हाळूनं पानांसकट फांद्या ओरबाडल्या आणि जाडजूड माळा केल्या. गेनूनाना म्हणाला, नवरदेवालाही असल्या मिळत नाहीत. झालं, म्हाळूची छाती फुगली.

सगळे बैल तोरणासमोर उभे राहिले. पण पाटील फेटा बांधत होते. बांधला, सुटला, पुन्हा बांधला. ऊन कललं. बैलांच्या पोटात सकाळपासून काही नाही, आणि भुकेल्याला वास कळत नाही. स्वतःच्या गळ्यातली माळ बैलाला खाता येत नाही, पण जोडीदाराची येते, बरं का. हौशानं मान वळवली. पाखऱ्यानंही वळवली.

म्हाळू धावत पुढं झाला. त्यानं माळेला कान लावला आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "बाई, माझ्या बैलाला चालशील का?"

"मूठभर पानांत बैल आडवा," कण्हेर म्हणाली. "सकाळीच सांगितलं असतं. तू विचारलंस कुठं?"

मग म्हाळूनं दोन्ही माळा ओढून काढल्या. खाली टाकाव्यात तर बाकीचे बैल खातील. म्हणून घातल्या स्वतःच्याच गळ्यात आणि पळाला. मागे पाखऱ्या. पाखऱ्यामागे हौशा. ते बघून गावचे सगळे बैल. शेवटी पाटील, हातात अर्धा फेटा. तोरणाखालून पहिला जायचा मान पाटलांच्या बैलाचा, पण पहिला गेला म्हाळू. सवाष्णींनी आरत्या धरलेल्याच होत्या. त्यांनी त्यालाच ओवाळलं.

म्हाळू आंब्यावर चढला, माळा उंच फांदीला बांधल्या आणि धपकन खाली उतरला. त्यानं पाखऱ्याचा जबडा उघडून कोपरापर्यंत हात आत घातला. जिभेवर एकच पान होतं, अख्खं, न चावलेलं. ते त्यानं काढलं, तोंड पाण्यानं तीनदा धुतलं. हौशाचंही तोंड बघितलं. त्यात काही नव्हतं.

मग म्हाळू पाखऱ्याच्या गळ्यात पडून रडला. आक्का गेली तेव्हा तो रडला नव्हता. त्या वेळी सगळे म्हणाले होते, पोरगा मोठा धीराचा. आता अख्ख्या गावासमोर भोकाड पसरलं. पाखऱ्याला मीठ फार आवडायचं. त्यानं म्हाळूचे दोन्ही गाल चाटून लख्ख केले.

मग माळा खोल खड्ड्यात पुरल्या. म्हाळू आणि पाखऱ्या एका पाटीत पुरणपोळ्या जेवले, आणि पुढं कितीतरी वर्षं सुखानं नांदले. चला, ओढा पांघरूण. पाखऱ्या तर केव्हाच घोरायला लागला.