तारीख नसलेला कॅन

“आणि हा एक का मागं राहिला?” बाळगोंडा अण्णांनी विचारलं.

दारात परवान्याची गाडी उभी होती. जुन्या एक्स-रे फिल्म धुऊन चांदी काढली, की मागं विषारी पाणी उरतं. ते गटारात सोडायचं नाही, कॅनात भरून ह्या गाडीनं पाठवायचं, असा नियम. शेडमधले सगळे कॅन चढले होते. हा पाच लिटरचा कपाटामागं सापडला.

पद्मजा पुढं होऊन कॅनवरची धूळ पुसू लागली.

बारा वर्षं ती अण्णांच्या हाताखाली होती. नियम तिला तोंडपाठ. प्रदूषण मंडळाचे साहेब आले की अण्णा गप्प बसायचे आणि ही बोलायची. प्रसंगी साहेबांचीही चूक काढायची. गुरूपेक्षा चेला सवाई, असं लोक म्हणायचे, आणि तिला ते गोड लागायचं. खोटं कशाला बोला!

अण्णांनी कॅन उजेडात धरला. लेबलवर पत्ता होता. ‘धोकादायक कचरा’ हे शब्द तिच्याच अक्षरात होते. तारखेची जागा कोरी.

“तारीख?”

तिनं कॅन घ्यायला हात पुढं केला.

“तारीख टाकली की नव्वद दिवस सुरू. त्याच्यापुढं ठेवायचं न्हाई. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे कोण शिकवतं?”

“मीच.”

“मग?”

“आईच्या फिल्मांचं पाणी आहे, अण्णा.”

अण्णा स्टुलावर बसले.

“छातीचे फोटो. सहा वर्षांच्या आजारपणातले. ‘श्वास धरा’ म्हटलं की ती शहाण्या पोरीसारखी धरायची. तो श्वास फिल्मवर तसाच होता. वाटलं, त्यातली चांदी काढून जवळ ठेवावी. काढली. मण्याएवढी निघाली. हातात घेतली... तर नुसती चांदी. फिल्म बघितली, तर कोरी. मग आई गेली कुठं? ह्या पाण्यातच असणार ना?”

पंचेचाळिशीची बाई, दोन पोरांची आई. पण त्या घडीला तिला फक्त आपली आई हवी होती. दुसरं काही नको होतं.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

“आजची तारीख टाकते,” ती घाईनं म्हणाली. “अजून नव्वद दिवस मिळतील. कुणाला कळणार आहे?”

अण्णांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्यापुढं धरलं.

“लिही. खाली मी सही करतो.”

ती बघतच राहिली. गटारात एक बादली ओतली म्हणून ह्याच माणसानं सख्ख्या भाच्याला कामावरून काढलं होतं. आणि आज खोट्या तारखेवर सही करायला तयार!

तिनं पेन घेतलं. आजची तारीख लिहवेना. खरी तारीख आई गेल्यानंतरच्या चौदाव्या दिवसाची, तीही लिहवेना. पेन कागदावर टेकलेलं राहिलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला...

“एकदा तारीख पडली की आई जाणार, अण्णा.”

अण्णांनी कॅनचं झाकण हातानं चाचपून घट्ट केलं.

“तू टाकली न्हाईस म्हणून थांबली व्हय गं, पोरी?”