दोन टोकांची कावड

“पण बाबा, माप तर तंतोतंत तेच धरलंय. मग माझंच पाणी का नासतं?”

विश्वंभरबुवांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

लिंबाजीबाबा मठाच्या मागच्या अंगणात बसून गवारीच्या शेंगा मोडत होते. त्यांनी एक शेंग मोडली, दोन्ही बाजूंच्या शिरा ओढून काढल्या आणि तुकडे परातीत टाकले.

“किती दिस ऱ्हायलेत?”

“पौर्णिमेपर्यंत मुदत आहे. म्हणजे वीस.”

“आन् लेकरं किती?”

“दोनशे बारा.”

बाबांनी पुढची शेंग घेतली.

ही लेकरं ऊसतोड मजुरांची. आईबाप कोयते घेऊन फडावर निघाले की एरवी तीही मागोमाग जायची, आणि त्यांची शाळा तिथंच संपायची. विश्वंभरबुवांनी पाथरवाडीच्या माळावर नवा मठ बांधला, त्यात या मुलांसाठी वसतिगृह काढलं. मुलं वाचायला लागली. पण मठाचं सांडपाणी काळंकुट्ट होऊन ओढ्यात उतरू लागलं. गावातली गुरं त्या पाण्याला तोंड लावेनात. वाऱ्याची दिशा बदलली की गावात जेवण घशाखाली उतरेना. ग्रामसभेनं हात जोडून सांगितलं, पौर्णिमेपर्यंत वास थांबवा, नाहीतर मुलं ज्याची त्याला परत पाठवा.

गावाचं काही चुकलं नव्हतं, आणि तेच बुवांना जास्त झोंबत होतं.

“चल, दावतो,” बाबा उठले.

“मी पाहिलंय सगळं, बाबा.”

“मोजलंयस. चल.”

बुवा गोरेमोरे झाले. तळ्याच्या या मठात त्यांनी अकरा वर्षं काढली होती. वेदान्त मुखोद्गत. कीर्तनाला उभे राहिले की माणूस जागचा हलत नसे. फक्त मागच्या अंगणात ते कधी फिरकले नाहीत. संडासाच्या टाक्या राखायची पाळी आली की आपल्या वाटचा गोडाचा घास दुसऱ्याला देऊन मोकळे होत. चार वर्षांपूर्वी मठ सोडताना मात्र टेप घेऊन आले, बंद टाकी, उघडी टाकी, कर्दळीचा वाफा, तळं, सगळ्याची लांबीरुंदी वहीत उतरवली आणि निघाले.

बाबा आधी स्वयंपाकघरात शिरले. चुलीवर पिठलं रटरटत होतं. खाली निळी ज्योत, धूर नाही की काजळी नाही.

“ह्यो जाळ कुठला?”

“बंद टाकीतला वायू.”

“तुज्याकडं?”

“...काडी लावली की विझते.”

तिथून ते उघड्या टाकीपाशी आले. एक लाकडी चक्र संथपणे पाणी ढवळत होतं. पाणी तपकिरी, जिवंत, वर जरासा फेस. टाकीतलं पाणी पुढे कर्दळीच्या मुळांतून झिरपत तळ्यात जात होतं. तळ्याच्या कडेनं केळी, अळू, भोपळ्याचा वेल. बाबांची सावली पाण्यावर पडली तसे मासे काठाशी गोळा झाले.

विश्वंभरबुवांनी सवयीनं उपरणं नाकाला लावलं.

“काढ ते. वास घे.”

त्यांनी उपरणं खाली केलं, घाबरतच श्वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला.

“मातीचा येतोय,” ते म्हणाले. “नुकत्याच खणलेल्या मातीचा.”

“तुज्या मठात संडास कशानं धुता?”

एवढा वेळ खाली गेलेली बुवांची मान आता जरा वर आली. या एका बाबतीत तरी त्यांना कोणी बोट दाखवू शकत नव्हतं.

“दिवसातून तीनदा, बाबा. आधी ॲसिड. मग ब्लीचिंग पावडर. वर फिनेल. पांढऱ्या शुभ्र फरशा आहेत. तुम्ही एक डाग दाखवा.”

बाबांनी टाकीच्या कठड्यावर हात ठेवला.

“तीनदा...”

“हो.”

“रोज...”

“रोज, बाबा.”

बाबा पाण्यावर वाकले.

“किती मेले असतील रं...”

विश्वंभरबुवांच्या डोळ्यांपुढे दोनशे बारा चेहरे आले.

“कोण?”

बाबांनी पडवीतून एक जुनं सूक्ष्मदर्शक आणलं. कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेलं, एका बाजूला दोऱ्यानं बांधलेलं. काडीच्या टोकानं टाकीतला थेंब काचेवर ठेवला आणि ते बाजूला सरले.

बुवांनी डोळा लावला. आधी नुसतं धुकं दिसलं. बाबांनी हात लांबवून चाक किंचित फिरवलं.

...आणि धुकं हललं.

मातकट ढेकळांवर शेकडो घंटा उभ्या होत्या. बारीक देठ, देठावर घंटा, घंटेच्या तोंडाशी केसांची झालर गरगर फिरत होती आणि भोवतीचा मळ त्या भोवऱ्यात ओढला जात होता. मध्येच एखादी घंटा मिटे, देठाची गुंडाळी होऊन टपकन खाली बसे, आणि पुन्हा हळूच सरळ होऊन कामाला लागे. त्यांच्यामधून काहीतरी काचेसारखं पारदर्शक सरपटत गेलं. त्याच्या पोटातलं हिरवं जेवणसुद्धा दिसत होतं.

विश्वंभरबुवांना पहिल्यांदा भीती वाटली. मग ती भीती राहिली नाही. लहानपणी आजोबांचं बोट धरून ते पहिल्यांदा गाभाऱ्यात शिरले होते, तेव्हा असंच अंगावर आलं होतं. पुढे ‘देव चराचरात भरलेला आहे’ यावर त्यांनी किती कीर्तनं केली, त्याची गणती नव्हती. आज तो खरोखरच भरलेला होता, एका थेंबात, आणि थांबतसुद्धा नव्हता.

“हे सगळं...” त्यांनी वर पाहिलं. “हे इथं पूर्वीपासून आहेत?”

“तू अकरा वर्सं जेवलास. ती केळी, त्यो जाळ, ह्ये तळं... कुणाचं समजत व्हतास?”

“तुमचं.”

“म्या नुसता चक्राला तेल घालतो.”

बुवांनी पुन्हा डोळा लावला. त्यांना तिथून हलवेना. पाठीवर ऊन चढलं, पिठल्याचा वास आला, कोणीतरी जेवायला हाक मारून गेलं, तरी ते वाकलेलेच.

शेवटी ते उठले तेव्हा डोळे पुसत होते.

“माझ्या टाक्यांत यातलं काहीच नसेल.”

“भांडं आणलंस, दूध आणलंस. विरजण न्हाई घातलंस. वर रोज तीनदा उकळतं पाणी वतावं तसं ॲसिड वततोस.”

“मला विरजण द्याल?”

“चार वर्सं झाली, वाट बगतोय. आता मागितलंस.”

“तुम्हाला कोणी दिलं होतं, बाबा?”

“माज्या गुरूनं. त्येंला त्येंच्या गुरूनं. तुला दीक्षा दिली तवा कानात मंतर सांगितला. ह्ये सांगायचं ऱ्हायलं. ह्ये कानात सांगता येत न्हाई.”

बाबांनी एक झाकणाचा दुधाचा कॅन आणि एक बादली पुढं ठेवली. मदतीला मात्र हात लावला नाही.

विश्वंभरबुवांनी उपरणं कमरेला गुंडाळलं. बंद टाकीच्या तोंडातून काळा गाळ काढून कॅन काठोकाठ भरला. उघड्या टाकीतला तपकिरी गाळ बादलीत घेतला. हात कोपरापर्यंत बुडाले. अकरा वर्षांच्या सगळ्या पाळ्या एका दुपारी फिटत होत्या.

“कॅनचं झाकण घट्ट लाव,” बाबा म्हणाले. “ह्येंला वारा लागला की मरत्यात.”

बुवांनी झाकण दाबून बसवलं.

“आन् बादली उघडी ठेव. त्येंला वारा न्हाई लागला की मरत्यात.”

बुवा थांबले.

“दोघंही एकाच मैल्यातले ना?”

“एकाच.”

“मग बाबा, या दोघांतलं खरं जगणं कोणाचं?”

बाबांनी कोपऱ्यातली कावड उचलून त्यांच्या हातात दिली.

“पयला हात धू. साबणानं.”

तिन्हीसांजेच्या आत पाथरवाडी गाठायची म्हणून बुवा तीनच्या एसटीला निघाले. बाबा फाट्यापर्यंत सोबत आले. कावडीच्या एका टोकाला कॅन, दुसऱ्या टोकाला बादली. अंगावर भगवं.

एसटी उभीच होती. कंडक्टरनं कावड पाहिली आणि लगबगीनं दार उघडलं.

“या महाराज, या. कावड म्होरंच ठेवा, माज्यापाशी. ओ मावशी, जरा सरका. महाराज तीर्थ घेऊन आलेत.”

पुढच्या बाकावरच्या बाईनं जागा दिली. कावडीकडे बघून हात जोडले.

“कुठल्या तीर्थाचं पाणी, महाराज?” कंडक्टरनं भक्तीनं विचारलं.

विश्वंभरबुवा पायरीवर उभे होते. कुठलंही नाव चाललं असतं. नावं त्यांना ढिगानं पाठ होती. एक नाव घेतलं असतं तर दिवेलागणीला पाथरवाडी आली असती. चालत जायचं तर दोन दिवस, आणि हातात दिवस होते वीस.

त्यांनी मागं वळून बाबांकडे पाहिलं. बाबा रस्त्याकडेच्या बाभळीवर कसला पक्षी बसलाय ते बघत होते.

“तीर्थाचं नाही,” विश्वंभरबुवा म्हणाले. “मठाच्या संडासाचं आहे.”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मावशींचे जोडलेले हात सुटले आणि पदर नाकाला गेला.

कंडक्टर भला माणूस होता. त्यानं बादलीवर वाकून वास घेतला आणि चक्रावला.

“वास तर येत न्हाई... पर लोकं मला खातील, महाराज. बादलीला कायतरी झाकण घाला. मग बसा.”

“झाकलं तर मरतात ते.”

“कोण?”

विश्वंभरबुवांनी बादलीकडे पाहिलं. सकाळी हाच प्रश्न त्यांनी विचारला होता. याच सुरात. त्या घंटा, ते देठ, ती गरगर फिरणारी झालर... काय सांगणार होते ते, आणि कुठल्या शब्दांत?

“उतरतो मी,” ते म्हणाले.

एसटी गेली. धुरळा खाली बसला. माळावर लांबपर्यंत रस्ता दिसत होता.

बुवांनी रस्त्याकडेची एक काडी मोडून घेतली. कोणी न सांगता वाकले, बादली हलक्या हातानं ढवळली आणि कावड खांद्यावर चढवली. निघण्याआधी गुरूच्या पाया पडायचं म्हणून वाकू लागले, तर बादली हिंदकळली. वाकता येईना.

तेव्हा बाबांनी हात जोडले.

पंधरा वर्षांत बाबांनी कोणाला हात जोडलेले बुवांनी पाहिले नव्हते. ते संकोचून मागं सरणार, तोच त्यांनी बाबांची नजर पाहिली. ती त्यांच्यावर नव्हतीच. ती कावडीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जात होती.

“वाटेत काय काळजी घेऊ, बाबा?”

“ढवळत ऱ्हा. सावलीतनं जा. आन् सांजच्याला कुठं टेकलास, कुणी पेज वाढली...”

बाबा थांबले. बादलीतल्या तपकिरी पाण्यावर एक बुडबुडा आला आणि फुटला.

“...तर आधी त्येंला. मग तू.”